जुनी अमेरिकन मसल कार: घ्यायची कशी आणि चालवत चालवत दुरुस्त कशी करायची?

२००१ च्या ‘द फास्ट अँड द फ्युरिअस’ सिनेमातली ती काळी, बॉनेटमधून इंजिन बाहेर डोकावणारी गाडी आठवतेय? ती १९७० ची डॉज चार्जर. अशा गाड्यांना मसल कार म्हणतात हे बहुतेकांना माहीत असतं. पण पन्नास वर्षांहून जुनी अशी गाडी आज विकत घेऊन सामान्य माणूस ती कशी सांभाळतो, याबद्दल मराठीत फारसं वाचायला मिळत नाही.

मी मिशिगनमध्ये, डेट्रॉइटच्या एका उपनगरात राहतो. माझ्याकडे १९७० ची शेव्हरोले शेव्हेल मालिबू आहे. गेली सहा वर्षं मी ती चालवतोय आणि दुरुस्तही करतोय, दोन्ही एकाच वेळी. हे ‘एकाच वेळी’ फार महत्त्वाचं आहे. का, ते पुढे येईलच.

मसल कार म्हणजे नक्की काय?

मधल्या आकाराची, दोन दारांची, साधी फॅमिली गाडी घ्यायची आणि तिच्यात मोठ्या गाडीचं व्ही-८ इंजिन बसवायचं, एवढीच ही कल्पना. सुरुवात साधारणपणे १९६४ च्या पाँटियाक जीटीओपासून मानतात. जनरल मोटर्सचा तेव्हा नियम होता की मधल्या आकाराच्या गाडीत ३३० घनइंचापेक्षा मोठं इंजिन बसवायचं नाही. पाँटियाकच्या लोकांनी, त्यात जॉन डीलोरियन होते, ३८९ घनइंचाचं म्हणजे ६.४ लिटरचं इंजिन वेगळं मॉडेल म्हणून नाही, तर टेम्पेस्ट लेमान्स गाडीवरचा ‘ऑप्शन’ म्हणून विकायला काढलं. नियम मॉडेलला होता, ऑप्शनला नव्हता! गाडी तुफान खपली आणि मग बाकीचे सगळे त्याच वाटेने गेले.

१९७० साल म्हणजे या प्रकाराचं शिखर. त्या वर्षी शेव्हेलमध्ये ४५४ घनइंचाचं, ७.४ लिटरचं इंजिन मिळायचं आणि कागदावर त्याची ताकद होती ४५० हॉर्सपॉवर. पुढे प्रदूषणाचे कायदे, विम्याचे वाढते हप्ते आणि १९७३ चं तेलसंकट यांनी हा खेळ आटोपला.

‘कागदावर’ असं मुद्दाम म्हणतोय. १९७१ पर्यंत अमेरिकेत सहसा ‘ग्रॉस’ हॉर्सपॉवर सांगायचे. म्हणजे इंजिन टेबलावर ठेवायचं, एअर फिल्टर, सायलेन्सर, फॅन काही न लावता मोजायचं. १९७२ पासून ‘नेट’, म्हणजे गाडीत बसवल्यासारखं सगळं लावून मोजलेली ताकद सांगायला लागले. शेव्हरोलेच्या ३५० घनइंची, दोन नळ्यांच्या कार्बोरेटरवाल्या इंजिनाचा आकडा १९७१ मध्ये ग्रॉस २४५ होता, तो १९७२ मध्ये नेट १६५ झाला. इंजिन जवळपास तेच, बदलली ती मोजपट्टी. त्यामुळे जुन्या जाहिरातीतला आकडा वाचून आजच्या गाडीशी तुलना करू नका. माझ्या मालिबूत याच इंजिनाची १९७० ची आवृत्ती आहे, कागदावर २५० ची. आजची चांगली चार सिलिंडरची टर्बो गाडी तिला सिग्नलवरून आरामात मागे टाकते. ज्यांना फक्त वेग हवाय त्यांनी ही गाडी घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

इंजिन नव्हे, पत्रा बघा

जुनी गाडी बघायला गेलं की सगळे आधी बॉनेट उघडतात. तुम्ही आधी जमिनीवर झोपा. इंजिन बिघडलेलं असेल तर ते बदलता येतं. शेव्हरोलेचं हे छोटं व्ही-८ इतक्या प्रचंड संख्येने बनलंय की सुटे भाग आजही सहज आणि स्वस्तात मिळतात. गंजलेला पत्रा मात्र कापून, नवा जोडून, वेल्डिंग करून, घासून मगच सरळ होतो. त्यात जाणारे तास मोजले की इंजिनाचा खर्च किरकोळ वाटतो.

मिशिगनसारख्या राज्यांत हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात. या मिठाने गाड्या खालून खाल्ल्या जातात. म्हणून इथले लोक ॲरिझोना, न्यू मेक्सिको अशा कोरड्या राज्यांतून गाडी आणतात. तिथल्या उन्हाने डॅशबोर्ड तडकलेला असतो, सीटचं कापड हातात येतं, रंग उडालेला असतो, पण पत्रा शाबूत असतो. माझी गाडी न्यू मेक्सिकोची आहे. तिचं छताचं अस्तर अक्षरशः पापडासारखं मोडत होतं, तरीही मी ती घेतली, कारण खालची चेसिस कोरडी ठणठणीत होती.

शेव्हेलमध्ये गंजाच्या ठरलेल्या जागा आहेत. मागच्या चाकाच्या मागचा खालचा पत्रा, डिकीचा तळ, पुढच्या चाकाच्या मागे फेंडरचा खालचा कोपरा, पायाखालची फरशी आणि मागच्या काचेची खालची चौकट. छतावर व्हिनाइलचं आवरण असेल तर जास्तच संशय घ्या, कारण त्याखाली पाणी अडकतं आणि बाहेरून काहीच दिसत नाही. डिकीतली चटई उचलून बघायला कोणी हरकत घेतली, तर नमस्कार करून घरी या.

एक छोटा चुंबक पातळ फडक्यात गुंडाळून सोबत ठेवा. तो पत्र्यावरून फिरवत न्यायचा. जिथे चिकटत नाही तिथे पत्रा नाही, पुट्टी आहे. थोडी पुट्टी असणं गुन्हा नाही, पन्नास वर्षांत कुठेतरी घासलं गेलंच असेल. पण हातभर पट्ट्यात चुंबक घसरत असेल तर चकचकीत रंगाखाली काय आहे ते तुम्हाला समजलंच. म्हणूनच मला ताजा रंग दिलेल्या गाडीपेक्षा जुनाट, उडालेल्या रंगाची गाडी आवडते. ती खोटं बोलत नाही.

अजून एक. शेव्हेलला ट्रकसारखी वेगळी चेसिस आहे आणि त्यावर बॉडी बोल्टने बसवलेली आहे. मुस्टँगचं तसं नाही, तिथे पत्रा हीच चेसिस. त्यामुळे मुस्टँगमध्ये फरशीचा गंज म्हणजे गाडीच्या मूळ ताकदीचा प्रश्न. शेव्हेलमध्ये निदान दोन गोष्टी वेगवेगळ्या तपासता येतात. मागच्या चाकांजवळ चेसिसवर हातोडीने हलकेच वाजवून बघा. आवाज खणखणीत यायला हवा.

नंबर आणि कागद: इथेच खरे पैसे अडकतात

१९७० च्या शेव्हेलच्या बाबतीत ही माहिती तुमचे हजारो डॉलर वाचवू शकते. त्या वर्षी ‘सुपर स्पोर्ट’, म्हणजे एसएस, हे वेगळं मॉडेल नव्हतं, ऑप्शन होतं. त्यामुळे गाडीच्या नंबरवरून, ज्याला व्हीआयएन म्हणतात, ती एसएस आहे की साधी मालिबू हे कळतच नाही! दोन्हींचा नंबर १३६३७ ने सुरू होतो: १ म्हणजे शेव्हरोले, ३६ म्हणजे व्ही-८ वाली मालिबू आणि ३७ म्हणजे दोन दारांची हार्डटॉप बॉडी. १९६६ ते १९६८ मध्ये असं नव्हतं. तेव्हा एसएसचा नंबर १३८ ने सुरू व्हायचा, म्हणजे पुरावा नंबरातच.

मग होतं काय? एसएसची ग्रिल, काळे पट्टे आणि बिल्ले नवे बनवून बाजारात मिळतात. साध्या मालिबूवर ते लावले की बाहेरून फरक ओळखणं कठीण. किमतीत मात्र जमीन-अस्मानाचा फरक. विकणारा ‘एसएस’ म्हणत असेल तर कागद मागा. कारखान्यातला बिल्ड शीट हा सगळ्यात भक्कम पुरावा. तो कधी पेट्रोलच्या टाकीच्या वर, कधी सीटच्या स्प्रिंगमध्ये खोचलेला सापडतो. दुसरा पुरावा म्हणजे वॉरंटीची धातूची छोटी पट्टी, प्रोटेक्ट-ओ-प्लेट. यातलं काहीच नसेल तर ती गाडी मालिबू समजून मालिबूची किंमत द्या. नकली पट्टे असलेली गाडी घेण्यात कमीपणा काही नाही, फक्त पट्ट्यांचे पैसे मोजू नका. पाँटियाक आणि फोर्ड घेणाऱ्यांचं काम सोपं आहे. पाँटियाकसाठी पाँटियाक हिस्टॉरिक सर्व्हिसेस आणि १९६७ पासूनच्या फोर्डसाठी मार्टी रिपोर्ट, अशा जुन्या नोंदी पैसे भरून मिळतात.

व्हीआयएनची पट्टी १९६८ पासून डॅशबोर्डवर, ड्रायव्हरच्या बाजूला, काचेतून दिसेल अशी असते. ती बसवणारे रिव्हेट बघा. जनरल मोटर्सचे रिव्हेट फुलाच्या पाकळ्यांसारखे असतात. साधे गोल रिव्हेट दिसले तर प्रश्न विचारा. मग तोच नंबर मालकीच्या कागदाशी, ज्याला इथे टायटल म्हणतात, अंक अन् अंक जुळवा. एकही अंक वेगळा असेल तर कितीही सुंदर गाडी असली तरी सोडून द्या. इंजिनाच्या पुढच्या बाजूला, उजव्या हेडच्या खाली एक सपाट जागा असते. तिथे गाडीच्या नंबरचे शेवटचे अंक कोरलेले असले आणि जुळले, तर तिला ‘मॅचिंग नंबर्स’ म्हणतात. रोज चालवायची असेल तर याला फार भाव देऊ नका. माझ्या गाडीचं इंजिन मूळचं नाही. त्यामुळे ती मला स्वस्तात पडली आणि तिच्यात बदल करताना हात थरथरत नाही.

बघायला जाताना विकणाऱ्याला सांगून ठेवा की इंजिन सुरू करून ठेवू नका. बॉनेटला हात लावून बघा, गरम असेल तर त्याने आधीच सुरू करून काहीतरी झाकलंय. थंड इंजिन सुरू होताना निळा धूर थोडा वेळ आला तर व्हॉल्व्हचे सील गेलेत, हे चालण्यासारखं आहे. गाडी गरम झाल्यावर वेग वाढवतानाही निळा धूर येतच राहिला तर रिंगा गेल्या. ऑइलची पट्टी काढून वास घ्या. पेट्रोलचा वास आला तर बहुधा यांत्रिक पेट्रोल पंपाचा पडदा फाटून पेट्रोल ऑइलमध्ये उतरतंय.

सगळी गाडी खोलू नका

इथे एक वाक्य जाहिरातींत फार दिसतं: ‘अर्धवट प्रोजेक्ट, वेळ नसल्याने विकणे’. चेसिस एकीकडे, दारं भिंतीला टेकवलेली, आणि पन्नास डब्यांत नटबोल्ट. माणसं उत्साहात पूर्ण गाडी खोलतात, मग मूल होतं, नोकरी बदलते, हिवाळा लांबतो, आणि कोणता बोल्ट कुठला हे आठवेनासं होतं. दुसरं वाक्य म्हणजे ‘उभी केली तेव्हा चालत होती’. हे ऐकलं की हसून मान डोलवायची.

म्हणून माझा नियम: एका वेळी एकच यंत्रणा खोलायची आणि ती पुरी होऊन गाडी चालल्याशिवाय दुसरीला हात लावायचा नाही. चालणारी गाडी स्वतः सांगते की पुढे काय हवंय. शिवाय मार्च ते नोव्हेंबर तुम्हाला तिचा आनंद मिळतो, आणि घरच्यांनाही ती गॅरेजमधलं भंगार वाटत नाही. आईने पहिल्यांदा व्हिडिओ कॉलवर बघून विचारलं होतं, “अरे, एवढी जुनी कशाला घेतलीस? नवी परवडत नव्हती का?” पुढच्या उन्हाळ्यात ती इथे आली आणि पुढच्या सीटवर बसून देवळात गेली. तेव्हापासून हा प्रश्न बंद आहे.

पहिलं काम: थांबणं

जुन्या गाडीत लोक पहिले पैसे कार्बोरेटर आणि सायलेन्सरवर घालतात. मी म्हणतो, जी गाडी थांबत नाही ती जोरात पळवून काय करणार?

१९६७ च्या आधीच्या बहुतेक अमेरिकन गाड्यांना ब्रेकची एकच लाइन असते. एक पाइप फुटला की चारही चाकांचे ब्रेक गेले, पाय थेट फरशीला. अशी गाडी घेतली तर दोन कप्प्यांचा मास्टर सिलिंडर बसवणं हे पहिलं काम. माझ्या १९७० च्या गाडीत तो मूळचाच आहे, पण चारही चाकांना साडेनऊ इंची ड्रम होते. ड्रम एकदा थांबायला चांगले असतात. उतारावर लागोपाठ दाबले की तापतात आणि पकड सुटते.

म्हणून पुढे डिस्क लावले. किट तयार मिळतं, पण एक बारकावा लक्षात ठेवा. ड्रमच्या लाइनमध्ये थोडा दाब कायम धरून ठेवणारा एक छोटा व्हॉल्व्ह असतो. तोच जुना मास्टर सिलिंडर डिस्कला जोडला तर पॅड डिस्कला घासतच राहतात आणि तापतात. त्यामुळे डिस्कसोबत मास्टर सिलिंडर आणि पुढे-मागे दाब वाटून देणारा व्हॉल्व्ह हे दोन्ही त्याच जोडीचे घ्यायचे. रबरी होज बाहेरून छान दिसले तरी बदला. ते आतून सुजतात आणि पाय काढल्यावरही ब्रेक धरून ठेवतात. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, तेही पूर्ण बदला.

दोन धोके गंभीरपणे घ्या. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ड्रममधली धूळ हवेच्या झोताने कधीही उडवू नका, ओलं करून पुसा आणि मास्क लावा. आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जाऊ नका, एक मिनिटही नाही. खाली जॅक स्टँड, म्हणजे आपल्या गॅरेजमधली घोडी, हवीच.

ब्रेकनंतर टायर. नक्षी भरपूर असली तरी टायर म्हातारा होतो. टायरच्या बाजूला शेवटी चार अंक असतात: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. चारऐवजी तीनच अंक दिसले तर टायर २००० सालाच्या आधीचा, त्यावर गाडी घरीसुद्धा आणू नका. ही गाडी बनली तेव्हाचे टायर बायस-प्लाय होते, आज आपण रेडियल लावतो. म्हणून अलाइनमेंटवाल्याला जुन्या पुस्तकातले आकडे न देता कास्टर थोडा जास्त पॉझिटिव्ह ठेवायला सांगा. हायवेवर गाडी सरळ धावते, स्टिअरिंग सारखं सांभाळावं लागत नाही.

दुसरं काम: आग लागू न देणं

जुन्या गाड्या जळतात त्या पेट्रोल आणि वायरिंगमुळे. आजच्या पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल असतं, आणि ते जुन्या रबराला खातं. टाकीपासून पंपापर्यंत आणि पंपापासून कार्बोरेटरपर्यंत सगळ्या रबरी नळ्या इथेनॉल सहन करणाऱ्या बसवा. काम दुपारभराचं आणि खर्च नगण्य.

वायरिंगमध्ये पन्नास वर्षांतल्या प्रत्येक मालकाची कलाकुसर असते. रेडिओसाठी एक जोड, फॉग लॅम्पसाठी दुसरा, त्यावर काळी चिकटपट्टी. कुठलाही अनोळखी जोड दिसला की शोध घ्या आणि फ्यूज नसेल तर काढून टाका. बॅटरीला एक कट-ऑफ स्विच लावा आणि गाडी उभी केली की बंद करा. स्वस्तातली सगळ्यात चांगली सुधारणा हीच.

इंजिन: आता कुठे मजा

या इंजिनात कॉम्प्युटर नाही. ठिणगी कधी पडायची हे डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट ठरवतात. इंजिन फिरतं तसा एक कॅम पॉइंट उघडतो, कॉइलचा प्रवाह तुटतो आणि त्या क्षणी प्लगला ठिणगी मिळते. पॉइंट किती अंश बंद राहतात त्याला ड्वेल म्हणतात, या व्ही-८ ला साधारण ३० अंश. जनरल मोटर्सने डिस्ट्रिब्युटरच्या टोपीला एक छोटी खिडकी ठेवली आहे. ती वर सरकवून इंजिन चालू असतानाच ॲलन की फिरवायची आणि मीटरवर ३० आणायचे. इतकं सोपं डिझाइन बघून मला आजही कौतुक वाटतं. पॉइंट झिजायचा कंटाळा येत असेल तर त्याच टोपीखाली मावणारं इलेक्ट्रॉनिक किट मिळतं, बाहेरून काही कळत नाही. प्लगच्या वायर ओढल्या असतील तर फायरिंग ऑर्डर पाठ हवी: १-८-४-३-६-५-७-२.

इंजिन ऑइल घेताना जस्त आणि फॉस्फरस पुरेसं असलेलं घ्या. नव्या गाड्यांच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला ते चालत नाही म्हणून साध्या ऑइलमध्ये ते कमी केलंय. पण या इंजिनाचा कॅम आणि टॅपेट एकमेकांवर घासत चालतात, त्यांना ते लागतं. ऑक्टेनबद्दल गोंधळून जाऊ नका. अमेरिकन पंपावरचा ८७ हा दोन पद्धतींची सरासरी असतो, तो भारतातल्या साधारण ९१ च्या बरोबरीचा. माझ्या इंजिनाचं कॉम्प्रेशन ९ आहे, त्याला तो पुरतो. त्याच वर्षीच्या चार नळ्यांच्या इंजिनाचं सव्वादहा होतं, त्याला मात्र महाग पेट्रोलच लागतं.

हत्यारं घेताना एवढं लक्षात ठेवा की इथे १०, १२, १४ चे पाने चालत नाहीत. सगळं इंचात: अर्धा, नऊ सोळांश, तीन अष्टमांश.

पुण्यातला मित्र प्रत्येक फोनवर एकच प्रश्न विचारतो, “ॲव्हरेज किती देते?” देते बाबा, लिटरला साडेपाच किलोमीटर. उतार असेल तर.

नंबर प्लेट आणि विमा

मिशिगनमध्ये २५ वर्षांहून जुन्या गाडीला हिस्टॉरिक प्लेट मिळते. ती स्वस्त असते, पण गाडी फक्त प्रदर्शन, क्लबची सफर, मिरवणूक, दुरुस्तीनंतरची चाचणी अशा कामांसाठी रस्त्यावर आणता येते. अपवाद ऑगस्टचा, त्या महिन्यात ती साध्या वापरालाही चालते. डेट्रॉइटची वुडवर्ड ड्रीम क्रूझ, जी १९९५ पासून होते, तीही ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी असते. इतर राज्यांचे नियम वेगळे आहेत. मला मार्चपासून चालवायची असल्याने मी साधी प्लेट घेतली आहे. विमा मात्र ‘ॲग्रीड व्हॅल्यू’चाच घ्या. म्हणजे गाडीची किंमत आधीच ठरवून लिहून घ्यायची. साध्या पॉलिसीत अपघातानंतर कंपनी तिला पन्नास वर्षं जुनी गाडी म्हणून भाव लावेल.

माझ्या गाडीचा रंग अजून दिलेला नाही. डावा फेंडर हिरवा, बाकी गाडी उन्हाने विटलेली तपकिरी. रंग सगळ्यात शेवटी, कारण त्याआधीच्या प्रत्येक कामात कुठेतरी पाना निसटतोच. या हिवाळ्यात मागची काच काढून तिच्या चौकटीतला करंगळीएवढा गंज कापायचा आहे. पत्र्याचा तुकडा आणून ठेवलाय.